राहून गेलेला फॉर्म

मला प्राचार्य केलं त्या आठवड्यापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि काही सापडत नाही म्हणाले. नवरा म्हणाला, "पोटात नाही, पदात दुखतंय." आमचं घर शनिवार पेठेत आहे. तिथे कुणाच्याही दुखण्याला इतपतच सहानुभूती मिळते.

नीट सांगायचं तर मी प्राचार्य नव्हते, प्रभारी प्राचार्य होते. आधीचे सर निवृत्त झाले. नवी जाहिरात, मुलाखती आणि मान्यता या सगळ्याला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, तोवर खुर्चीत कुणीतरी बसायला लागतं. सेवाज्येष्ठतेत माझ्या वर दोघे होते. एकाने रक्तदाबाचं सर्टिफिकेट आणून दिलं. दुसऱ्याने सरळ लिहून दिलं की मला हे जमणार नाही. नाही म्हणायलाही धैर्य लागतं. ते माझ्याकडे नव्हतं, म्हणून सव्वीस वर्षं भूगोल शिकवलेली मी कर्वेनगरातल्या त्या कॉलेजची प्रमुख झाले.

मी भित्री आहे. हे मी लाडिकपणे सांगत नाही, माझी खरोखर पाचावर धारण बसते. संस्थेच्या सचिवांचा फोन वाजला की मी आधी उभी राहायचे आणि मग उचलायचे. विद्यापीठाच्या ईमेलवर 'तातडीचे' असा शब्द दिसला की तळहाताला घाम यायचा. गच्चीचं दार कुणी उघडं ठेवलं असेल का, प्रयोगशाळेतला गॅस कुणी बंद केला असेल का, असले प्रश्न मला जेवताना पडायचे. प्रत्येक कागद मी दोनदा वाचून सही करायचे आणि सही झाल्यावर वाटायचं, काय बरं लिहिलं होतं त्यात?

संस्थेने मला तीन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवलं. विषय होता 'प्रभावी शैक्षणिक नेतृत्व'. वक्ते कोट घालून आले होते आणि पडद्यावर एकेक गुण दाखवत होते. दूरदृष्टी, निर्णयक्षमता, संवादकौशल्य. चौथा गुण होता निर्भयता. शेजारी बसलेल्या दुसऱ्या कॉलेजच्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "हा आपण ऑप्शनला टाकू." मी हसले, पण वहीत तो शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. शब्द लिहिताना मला आमचे आधीचे सर आठवत होते. विद्यार्थ्यांचा मोर्चा असो, चौकशी समिती असो, सरांच्या कपाळावर कधी आठी दिसली नाही. आपल्याला असं कधी होता येणार, असा विचार करत मी तीन दिवस कार्यशाळेचा चहा प्यायले.

आता भाऊसाहेबांबद्दल सांगते. आमच्याकडे कार्यालयातल्या मुख्य लिपिकाला सगळे भाऊसाहेब म्हणतात. माणूस बदलतो, हाक तीच राहते. हे भाऊसाहेब मांजरीहून दोन बस बदलून यायचे आणि सगळ्यांच्या आधी पोहोचायचे. परीक्षेचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. त्यांची एक सवय मला वैताग आणायची. ते प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचे. "मॅडम, पाठवू ना?" आणि दाराशी जाऊन पुन्हा वळून, "पाठवतो मग?" एके दिवशी आधीच डोकं फिरलेलं होतं. मी त्यांना चार माणसांसमोर म्हटलं, "भाऊसाहेब, एकदा विचारलेलं पुरतं. मी बहिरी नाही." त्यानंतर त्यांनी कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा विचारली नाही. मला वाटलं, आपल्याला निर्णयक्षमता यायला लागली.

आमच्या कार्यालयात 'इनवर्ड' हा शब्द दिवसातून शंभरदा ऐकू येतो आणि त्याचे दोन अर्थ आहेत. कुणी अर्ज आणून दिला की त्यावर शिक्का मारून आवक रजिस्टरात नोंद करायची, हे झालं एक इनवर्ड. दुसरं कॉम्प्युटरवरचं. विद्यार्थी परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन भरतो, पण कॉलेजने तो तपासून आपल्या लॉगिनमधून पुढे ढकलल्याशिवाय विद्यापीठाला तो पोहोचत नाही. त्या ढकलण्यालाही आम्ही इनवर्डच म्हणतो. इतकी वर्षं कुणाचा गोंधळ झाला नव्हता, कारण भाऊसाहेब दोनदा विचारायचे.

शेवटच्या वर्षाच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. दुपारचे चार वाजत आले होते आणि मी सचिवांशी फोनवर बोलत होते. बोलत कसली, ऐकत होते. भाऊसाहेब दारात उभे राहिले. त्यांच्या हातात एका मुलीचा अर्ज होता. फॉर्ममध्ये तिच्या आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, म्हणून तिने दुरुस्तीचा अर्ज दिला होता आणि तेवढ्यासाठी तिचा फॉर्म बाजूला ठेवलेला होता. "मॅडम, हिचा इनवर्ड करायचा ना?" त्यांनी विचारलं. त्या अर्जावरचा शिक्का मी सकाळीच पाहिला होता, खाली माझी छोटी सही होती. मी फोनवर हात न ठेवताच म्हटलं, "झालाय तो. झालाय." आमच्या लॉगिनचा ओटीपी माझ्याच मोबाईलवर यायचा, त्यामुळे मॅडमनी परस्पर केला असेल असं त्यांना वाटलं. ते मान हलवून गेले. दाराशी वळून पाहिलं नाही.

परीक्षा शनिवारी सुरू होणार होती. गुरुवारी हॉल तिकिटं आली आणि अकराच्या सुमाराला ती मुलगी माझ्या केबिनमध्ये आली. वाशीम जिल्ह्यातल्या एका गावाहून आलेली, कर्वेनगरात चौघींच्या खोलीत राहणारी, वर्गात पहिल्या बाकावर बसून काही न बोलणारी. "मॅडम, सगळ्यांचं हॉल तिकीट आलं, माझंच नाही आलं," ती म्हणाली.

यानंतर मी जे केलं ते मला आजही सांगवत नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढच्याला अर्थ नाही. मला काहीही माहीत नसताना मी घाबरले, आणि घाबरल्यावर माझा आवाज चढतो. मी म्हटलं, "तू फॉर्म वेळेत भरला होतास का? नक्की?"

"हो, मॅडम."

"नीट आठव. तुम्ही म्हणता भरला, आणि सबमिट केलेलाच नसतो. दरवर्षी होतं हे."

"भरला होता," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "मला वाटतं, भरला होता."

तिची खात्री माझ्यासमोर ढासळली आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, पोटातलं दुखणं क्षणभर थांबलं. तिने सांगितलं की घरून तीन वर्षांची परवानगी होती, यंदा पदवी झाली तरच पुढे एमएस्सीला राहू देणार आहेत, नाहीतर बाबा येऊन घेऊन जातील. ती रडत नव्हती. ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती. "बाहेर बस, बघते मी," असं म्हणून मी तिला घालवलं.

भाऊसाहेबांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर तिचा फॉर्म उघडला. तो होता. मुदतीच्या सहा दिवस आधी भरलेला. समोर लाल अक्षरांत लिहिलं होतं की फॉर्म कॉलेजकडे प्रलंबित आहे. भाऊसाहेब हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणालात झालाय."

त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. मला मात्र तो दिवस, तो फोन, तो दारात धरलेला अर्ज, सगळं एकदम दिसलं. मी शेजारच्या खुर्चीत बसले आणि पहिला विचार त्या मुलीचा आला असता तर मला हे लिहिताना बरं वाटलं असतं. पहिला विचार आला तो असा, की हे आणखी कुणाला माहीत आहे?

दुपारी सचिवांना फोन करणं भाग होतं. मी उभी राहून बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विद्यार्थिनीने मुदतीत फॉर्म भरला नाही असं नोंदवा आणि मोकळ्या व्हा. पुढच्या सत्रात बसेल ती."

"सर, पण तिने भरलाय."

"मग भाऊसाहेबांचा खुलासा घ्या. त्यांना सवय आहे. आणि एक लक्षात ठेवा मॅडम, आपण प्रभारी आहात. मान्यतेची फाईल अजून विद्यापीठातच पडलीय."

फोन ठेवल्यावर मी पत्र लिहायला घेतलं. सरकारी मराठीची मला त्या दिवशी फार मदत झाली. 'सदर विद्यार्थिनीचा परीक्षा अर्ज नजरचुकीने इनवर्ड करावयाचा राहून गेला असून...' किती सुंदर वाक्य. यात अर्ज आहे, नजरचूक आहे, विद्यार्थिनीसुद्धा आहे, फक्त माणूस कुठे नाही. कुणीही काही केलेलं नाही, अर्ज आपला आपण राहून गेला. मी ते तीनदा वाचलं आणि टाईप करायला दिलं.

शुक्रवारी सकाळी मी विद्यापीठात जायला निघाले तेव्हा भाऊसाहेब रिक्षा घेऊन फाटकाशी उभे होते. रिक्षा नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबली तेव्हा त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. वर 'खुलासा' लिहिलं होतं. खाली त्यांच्या वळणदार अक्षरात, की सदर चूक माझ्या हातून झाली असून प्राचार्यांचा यात काही संबंध नाही. सही केलेली होती. तारखेची जागा तेवढी मोकळी होती.

"तारीख तुम्ही घाला," ते म्हणाले. "तिथे लागली तर द्या."

"पण चूक तुमची नाही."

"असू दे हो मॅडम. सरांच्या वेळी तीन दिलेत मी. एका वेळी तर वेतनवाढ थांबली होती वर्षभर. आता दोनच वर्षं राहिलीत, काय होणारे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते सिग्नलचे आकडे मोजत होते. म्हणजे सरांच्या कपाळावर आठी दिसायची नाही, याचं कारण हे होतं. आठी दुसऱ्या कपाळावर असायची. मला सरांचा राग आला, आणि त्याच वेळी तो कागद माझ्या पर्समध्ये आहे याचा आनंदही झाला. दोन्ही खरं आहे. तो कागद मी परत केला नाही. चेन लावून ठेवला.

विद्यापीठातल्या त्या खोलीत चार टेबलं होती आणि तीन रिकामी होती. चौथ्यावरचे अधिकारी माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी माझं पत्र वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "राहून गेला?"

"हो."

"अहो मॅडम, फॉर्म म्हणजे काय जत्रेत हरवलेलं पोर आहे, राहून जायला? कुणाकडून राहिला?"

"कार्यालयाकडून."

"कार्यालय सही करत नाही. कुणाच्या चुकीमुळे ते लिहून आणा. नाव, हुद्दा. मग विशेष बाब म्हणून परीक्षा नियंत्रकांपुढे ठेवतो. ते एकपर्यंत आहेत, नंतर मीटिंगला जातात." आणि माझ्याकडे न पाहता त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं. "ज्याचं नाव लिहाल त्याला कारणे दाखवा नोटीस जाते, हे सांगून ठेवतो. नंतर म्हणू नका."

बाहेरच्या बाकावर भाऊसाहेब बसले होते. त्यांना उघड्या दारातून सगळं ऐकू गेलं असणार, कारण ते माझ्याकडे पाहून पर्सकडे पाहत होते. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा व्हायला आले होते. मी पर्सची चेन उघडली. हात आत गेला आणि त्या कागदाला लागला. मी स्वतःला सांगत होते की त्यांनी आपणहून दिलाय, त्यांना सवय आहे, दोनच वर्षं राहिलीत, माझी अजून आठ आहेत. यातला एकही मुद्दा चुकीचा नव्हता.

तो कागद मी काढला नाही. धैर्य आलं असं म्हणणार नाही; आलं असतं तर मला कळलं असतं. मला वाटतं, मला एका भीतीपेक्षा दुसरी जास्त वाटली. हा कागद आज दिला तर उद्यापासून भाऊसाहेब असा एक कागद कायम खिशात ठेवतील आणि मला कधीच खरं काही विचारणार नाहीत, एकदाही नाही, हे मला स्पष्ट दिसलं. मी पर्समधून पेन काढलं. पत्राच्या खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'ही चूक माझी आहे. लिपिकांनी मला विचारले होते. मी न ऐकता चुकीचे उत्तर दिले.' अक्षर इतकं वाकडं आलं की अधिकाऱ्यांनी 'चुकीचे' हा शब्द मला वाचून दाखवायला लावला. मी वाचून दाखवला.

एकला दहा मिनिटं कमी असताना नियंत्रकांची सही झाली. संध्याकाळी पाचला हॉल तिकीट आलं. परतताना रिक्षात मी भाऊसाहेबांना त्यांचा कागद दिला. त्यांनी तो बारीक फाडला, तुकडे शर्टाच्या खिशात ठेवले आणि विद्यापीठ चौकातल्या वाहतुकीबद्दल बोलायला लागले. नोटीस मला सोमवारी मिळाली. पुढे संस्थेने माझ्याकडचा कार्यभार काढून घेतला, ती हकीकत लांबलचक आणि कंटाळवाणी आहे.

त्याआधी, शनिवारी पहिला पेपर सुटल्यावर मी त्या मुलीला केबिनमध्ये बोलावलं. विद्यापीठात लिहून दिलं होतं, पण ते परक्या माणसाला. हिला सांगायचं म्हणजे हिच्या डोळ्यांकडे पाहावं लागणार होतं. पेपर बरा गेला, म्हणाली. मी म्हटलं, "तुझा फॉर्म तू वेळेत भरला होतास. तो माझ्यामुळे अडकला. चूक माझी होती."

मला वाटलं, आता ही 'असू दे मॅडम' म्हणेल. पुण्यात तीन वर्षं राहून तेवढा शिष्टाचार मुलं शिकतात.

"तुम्ही मला विचारलं होतं, नक्की भरला का म्हणून," ती म्हणाली. "मी दिवसभर विचार करत होते की मी बटण दाबलं होतं का नव्हतं. मला वाटलं, नसेल दाबलं. मी गुरुवारी रात्री घरी फोन करून सांगितलं बाबांना, की माझीच चूक झाली."

"काय म्हणाले ते?"

ओढणीचं टोक पुन्हा मुठीत गेलं.

तिच्या नावावरची चूक मी विद्यापीठातून पुसून आणली होती, आणि ती तिच्या घरात तशीच बसलेली होती. तिथे मीच ती पोहोचवली होती, एका चढ्या आवाजातल्या प्रश्नाने. "मला नंबर दे," मी म्हटलं. ती नको नको म्हणत होती. माझ्या मनातही नकोच होतं. विद्यापीठात भीती वाटली होती ती खुर्चीची. ही वेगळी होती.

फोन तिसऱ्या रिंगला उचलला गेला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी कोण ते सांगितलं आणि पलीकडचा आवाज एकदम आदबशीर झाला. "बोला जी मॅडम. पोरीनं अजून काही केलं का?"

"नाही. तिने काहीच केलेलं नाही. फॉर्म तिने वेळेतच भरला होता. चूक माझ्याकडून झाली. आज ती पेपरला बसली."

ट्रॅक्टर बंद झाला. फोन कट झाला की काय म्हणून मी कानापासून लांब धरून पाहिला.

"म्हणजे पोरीची चूक नव्हती?" त्यांनी विचारलं.

"नव्हती."

"मी तिले लय बोललो जी, मॅडम," ते म्हणाले. "तिची माय रडत होती बाजूले, तरी थांबलो नाही मी. बॅग भरून ठेव म्हटलं." मग म्हणाले, "ती हाय का तिथं? द्या बरं तिच्यापाशी फोन."

मी फोन तिच्या हातात दिला, बाहेर आले आणि दार लोटून घेतलं.